ऊद सालप

मार्चमधल्या शेवटच्या रविवारी गच्चीवरची निळी कुंडी मी पालथी केली. सकाळचे साडेआठच वाजले होते, तरी पायाखालची फरशी चटके द्यायला लागली होती. कुंडीतून माती सुटली, तिच्यामागून तपकिरी, गाजरासारखी निमुळती, एकमेकांत अडकलेली मुळं बाहेर आली. वरच्या टोकाला वाळलेली दोन देठं, आणि त्यातल्या एकावर वाटाण्याएवढी काळी पडलेली कळी. ती न उघडताच गेली होती. मुळं मेली की अजून जिवंत आहेत हे बघायला मी एक नखानं खरवडलं. आत पांढरट, किंचित गुलाबी. सवयीनं ते नाकाशी नेलं आणि तशीच उकिडवी बसून राहिले. ओल्या मातीचा वास, त्यात जुन्या लाकडी पेटीचा, आणि मागून येणारा एक कडवट, औषधी वास. हा वास मला ठाऊक होता. कुठून, ते आठवायला थोडा वेळ लागला.

हा माझ्या धाकट्या भावाच्या गळ्याचा वास होता.

आधी या झाडाबद्दल सांगते. लेक नेदरलँड्सला राहते. तिकडे मे संपता संपता बाजारात पिओनीची फुलं येतात, आणि ती दर वर्षी मला त्यांचे फोटो पाठवते. बंद कळी लिंबाएवढी गोल, घट्ट. पाण्यात ठेवली की तीन दिवसांत ताटलीएवढी उमलते, पाकळ्यांवर पाकळ्या, जशी कुणी मलमलीची चुण्याचुण्यांची ओढणी गोळा करून ठेवावी. 'सारा बर्नहार्ट' नावाची एक गुलाबी जात आहे, १९०६ सालची, फ्रान्समध्ये तयार केलेली. एवढी जुनी जात अजून तिथल्या बाजारात मानानं बसते याचं मला अप्रूप वाटलं. एकदा लावलेली पिओनी जागची हलवली नाही तर पन्नास-पन्नास वर्षं फुलत राहते म्हणे. आजीनं लावलेल्या झाडाची फुलं नात कापते. हे वाचलं आणि मला ती हवीच झाली. डोंगराकडच्या एका नर्सरीतून कंद मागवला. पिओनीला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते, त्याशिवाय तिच्यात कळी धरत नाही. आणि आमच्याकडे, सोलापुरात? संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मागून चालताना पहाटे अंगावर शाल घ्यावी लागते, तेवढाच काय तो हिवाळा. म्हणून मी कंद ओल्या भुश्यात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवला, कोथिंबीर आणि मिरच्यांच्या शेजारी, सहा आठवडे. गड्डा उठल्यावर, जानेवारीच्या अखेरीस कुंडीत लावला, डोळे दोन बोटांपेक्षा खोल जाऊ न देता. फेब्रुवारीत लालभडक कोंब वर आले, तान्ह्या बाळाच्या बोटांसारखे. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्यापुढे बसायची. पानं उलगडली, कळी धरली. कळीवर काळ्या मुंग्या आल्या, कारण पिओनीच्या कळीवर गोड रस सुटतो. मुंग्या आल्या म्हणजे घर मांडलं, असं वाटून मी त्यांना हात लावला नाही. मग होळी झाली, पारा चाळिशीकडे निघाला. हिरवी जाळी बांधली, दोनदा पाणी घातलं, तरी आठ दिवसांत पानांच्या कडा कागदासारख्या कुरकुरीत झाल्या.

त्या मातीत तिला राहायचंच नव्हतं. मी तिला आणलं होतं.

भावाचं सांगायचं तर तो सात वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा आकडी आली. आम्ही तेव्हा मंगळवार पेठेत एका वाड्यात राहत होतो. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. मागांची खटखट आमच्या अंगात एवढी मुरलेली की रविवारी ती थांबली की झोपमोड व्हायची. संध्याकाळी भाऊ ओट्यावर बसून शेंगा सोलत होता. सोलता सोलता हात थांबला, मान एका बाजूला वळली आणि तो खाली आला. सगळा वाडा धावला. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी वहाण हुंगवली, कुणी दातांत चमचा घालायला आलं. आता कळतं, यातलं काहीच करायचं नसतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काही मऊ द्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळाकडे लक्ष ठेवायचं आणि वाट बघायची. पाच मिनिटांपुढे गेलं तर दवाखाना गाठायचा. पण तेव्हा वाट बघणं कुणालाच जमलं नाही. डॉक्टरांनी गार्डिनलच्या गोळ्या सुरू केल्या, रोज रात्री एक, चुकवायची नाही. आणि आजीनं तिच्या पद्धतीनं दुसरं काही सुरू केलं.

वाड्याच्या मागच्या बाजूला एक खाला राहायच्या. आजी आणि त्या दुपारी एकाच पाट्यावर चटण्या वाटायच्या, एकीचं बोलणं कानडी वळणाचं मराठी, दुसरीचं दख्खनी, आणि दोघींचं एकमेकींवाचून अडायचं. खालांनी सांगितलं, मिरगीला ऊद सालप बांधतात, हकिमांचं औषध आहे. दुसऱ्या दिवशी दोघी मधल्या मारुतीजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात गेल्या आणि कागदाच्या पुडीत करंगळीच्या पेराएवढं एक मूळ घेऊन आल्या. आजीनं तापवलेल्या दाभणानं त्याला भोक पाडलं, काळ्या दोऱ्यात ओवलं, सिद्धेश्वराच्या पायाशी ठेवून आणलं आणि भावाच्या गळ्यात बांधलं. आई कुरकुरली. डॉक्टरांनी दुसरं काही द्यायचं नाही म्हणून बजावलंय, म्हणाली. आजी म्हणाली, "असू दे की गं गळ्यात. खायला मागतंय का ते?" पोटात मात्र तिनं त्याला ते कधी दिलं नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. घामानं तो तुकडा काळपट झाला, गुळगुळीत झाला. आम्ही दोघं एका गोधडीत झोपायचो. रात्री त्यानं कूस बदलली की तो माझ्या गालाला टोचायचा, आणि त्याचा वास यायचा.

हेच ते मूळ. कुंडी पालथी घातली त्याच दुपारी मी खात्री करून घेतली. ऊद म्हणजे लाकूड, सलीब म्हणजे क्रूस. हे मूळ आडवं मोडलं की आत क्रुसासारखी रेघ दिसते म्हणून युनानी वैद्यकात त्याचं नाव ऊद सलीब. आपल्याकडच्या जिभांवर त्याचं ऊद सालप झालं. हकिमांच्या पोथ्यांत त्याला फावानियाही म्हणतात, आणि त्या शब्दात पिओनी सरळ ऐकू येते. हिमालयात तिची एक बहीण आपोआप उगवते, पांढऱ्या पाकळ्यांची, मधोमध पिवळे केसर असलेली. काश्मीरकडे तिला मामेख म्हणतात आणि तिच्या कोवळ्या कोंबांची भाजी करतात. शास्त्रीय नाव पिओनिया इमोडी, कारण ग्रीक लोक हिमालयाला इमोडस म्हणत. आपल्याकडे ऊद सालप म्हणून विकतात ती या बहिणीची मुळं. माझ्या कुंडीत होती ती चीनकडची, त्याच घराण्यातली. म्हणजे ज्या झाडाला मी फ्रिजमध्ये ठेवून, जाळ्या बांधून सोलापूर दाखवायला निघाले होते, ते माझ्या कितीतरी आधीपासून सोलापुरात येत होतं. फूल कधी आलं नाही, मूळ मात्र पुडीत बांधून येत राहिलं.

आता ती गोष्ट, जी मी चाळीस वर्षांहून अधिक काळ कुणाला सांगितली नव्हती.

मी सहावीत होते. विज्ञानाच्या बाईंनी प्रयोग म्हणजे काय ते शिकवलं होतं. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, आणि काय होतं ते बघून लिहून ठेवायचं. हे मला इतकं आवडलं होतं की मी घरभर प्रयोग करत सुटले होते. मटक्या अंधारात मोडवल्या, उजेडात मोडवल्या. भावाला तेव्हा सात-आठ महिने आकडी आली नव्हती. डॉक्टर म्हणत गोळीचा गुण, आजी म्हणे दोऱ्याचा. मला खरं काय ते हवं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही माळवदावर झोपायचो. एका रात्री तो गाढ झोपलेला असताना मी दोऱ्याची गाठ सोडली आणि तो तुकडा माझ्या कंपासपेटीत, कर्कटकाच्या शेजारी ठेवला. सदऱ्याची वरची बटणं लावलेली असल्यानं कुणाच्या लक्षात आलं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर मी तारीख टाकली. पहिला दिवस, काही नाही. दुसरा दिवस, काही नाही. तिसरा दिवस, काही नाही. चौथ्या दिवशी दुपारी नळावर, हंडा भरता भरता, तो कोसळला. हंड्याच्या कडेवर कपाळ आपटलं. रक्त पाण्यात मिसळून मोरीकडे वाहत गेलं, आणि मी मोरीच्या दारात उभी होते. आजीनं त्याला मांडीवर घेतलं, सदरा उघडला आणि ओरडली, "दोरा कुठंय?" मी पळत जाऊन कंपासपेटी उघडली. नळाजवळ सापडला म्हणून तो तिच्या हातात दिला.

वहीचं पान मी फाडून चुलीत टाकलं.

दोन दिवसांनी आई वडिलांशी हळू आवाजात बोलत होती ते माझ्या कानावर पडलं. कारखाना बंद होता, हप्ता मिळाला नव्हता, तो पडला त्या दिवशी गोळ्या संपून तीन दिवस झाले होते. म्हणजे मी एक गोष्ट बदलली असं मला वाटत होतं त्याच आठवड्यात दुसरीही बदलली होती. आज मला माहीत आहे की ही गोळी एकदम बंद झाली की झटका येऊ शकतो, आणि फारच जोराचा येऊ शकतो. डॉक्टर हेच कळकळीनं सांगत असतात. तरी मनाचं समाधान होत नाही. कारण पुढे जे झालं ते माझ्या खोटं बोलण्यानं झालं. त्या दिवसानंतर आमच्या घरात दोऱ्यावरचा विश्वास दगडासारखा झाला. दोरा तुटला आणि पोरगं पडलं, हे आजीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. ती गोष्ट सगळ्या वाड्यात झाली. त्यानंतर कधी गोळ्या आणायला उशीर झाला तर पूर्वीसारखी धावपळ होईना. "दोरा आहे की गळ्यात." पुढच्या वर्षात त्याला अजून दोनदा आकडी आली. दोन्ही वेळा दोरा गळ्यात होता. आजी म्हणाली, गाठ सैल झाली असेल. दोन्ही बाजू माहीत असलेली त्या घरात मी एकटी होते आणि मी तोंड उघडलं नाही.

कुंडीच्या त्या दुपारी पिओनीबद्दल वाचत गेले आणि एका ठिकाणी थबकले. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन. त्यानं लिहून ठेवलंय की एका लहान मुलाच्या गळ्यात पिओनीचं मूळ बांधलं होतं आणि आठ महिने त्याला फेफरं आलं नव्हतं. मग एक दिवस ते मूळ गळून पडलं, आणि मुलाला लगेच झटका आला. दुसरा तुकडा बांधल्यावर तो बरा राहिला. गॅलेनला खात्री करून घ्यायची होती, म्हणून त्यानं ते मूळ मुद्दाम काढून बघितलं. पुन्हा झटका. पुन्हा बांधलं. मुळाचे सूक्ष्म कण श्वासातून आत जात असावेत, असं त्यानं कारणही दिलं. मी हे तीनदा वाचलं. अठराशे वर्षांपूर्वी एका मोठ्या वैद्यानं नेमकं तेच केलं होतं जे मी माळवदावर केलं, आणि त्याच्या लिहिण्यावर विश्वास ठेवून ही गोष्ट ग्रीकमधून अरबीत, अरबीतून फारसीत, तिथून दख्खनेतल्या हकिमांकडे, हकिमांकडून खालांकडे आणि खालांकडून माझ्या आजीकडे आली. आजीला मी कितीतरी वर्षं मनातल्या मनात अडाणी म्हणत आले होते. तिच्या हातातला तो तुकडा केवढा प्रवास करून आला होता, आणि वाटेत किती शहाण्यांनी त्याला खांदा दिला होता. तरीही गळ्यातल्या मुळानं मेंदूतला झटका थांबत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्या एकमेकींशेजारी ठेवाव्या लागतात.

या मुळात गुणच नाही असं मात्र नाही. चीनमध्ये पिओनीची सोललेली मुळं शतकानुशतकं पोटात घेतली जातात, बायकांच्या पाळीच्या दुखण्यावर, पोटातल्या कळांवर. इसवी सन २००च्या आसपास चांग चोंगचिंग नावाच्या वैद्यानं पिओनी आणि ज्येष्ठमध अशा दोनच जिनसांचा एक काढा सांगितला. पोटऱ्यांत गोळे येतात त्यावर तो जपानमध्ये आजही डॉक्टर लिहून देतात. पिओनीफ्लोरिन नावाचं द्रव्य या मुळांतून वेगळं काढलं गेलंय. ज्येष्ठमध तर आपल्या प्रत्येक बाळगुटीत असतं. आजीच्या सहाणेवर ज्येष्ठमध होतं आणि नातवाच्या गळ्यात पिओनी, आणि या दोघींची चीनमध्ये जोडी आहे हे तिला कुणी सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती, असं मनात आलं. बहुधा म्हणाली असती, "मग मी काय सांगत होते?"

चीन म्हटलं की सोलापूरकराच्या मनात एकच नाव येतं. शाळेत दर वर्षी १० ऑक्टोबरला, जयंतीच्या दिवशी, आम्हाला डॉ. कोटणीसांची गोष्ट सांगत. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांतले एक, युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करत राहिलेले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलेले, मुलाचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ला ते गेले, वय ३२. कशानं गेले, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. 'अतिश्रमानं' एवढंच आम्ही उत्तरपत्रिकेत लिहायचो. पुढे कितीतरी वर्षांनी, भैय्या चौकातल्या स्मारकावरून घरी येऊन मी त्यांच्याबद्दल वाचायला बसले तेव्हा कळलं, त्यांना अपस्माराचे झटके येत होते आणि त्यातच ते गेले. मला रडू फुटलं. कारण शाळेत आम्ही ती गोष्ट ऐकायचो त्याच काळात माझ्या भावाला वर्गात शेवटच्या बाकावर एकटं बसवलं जायचं. पोरं त्याची बाटली ओठाला लावत नसत. सहलीला त्याला नेलं नाही. आकडी हा शब्द आमच्या घरात पाहुण्यांपुढे उच्चारायचा नाही असा दंडक होता, पुढे बहिणींची लग्नं व्हायची होती. त्या दहा ऑक्टोबरला, फोटोला हार घालताना, एखाद्या बाईंनी वर्गात नुसतं एवढं म्हटलं असतं की यांनाही तेच होतं, आणि तरीही यांनी दिवसरात्र ऑपरेशनं केली, तर माझा भाऊ त्या शेवटच्या बाकावर कसा बसला असता? हे मला अजून सलतं. आणि पिओनीच्या देशात, जिथं तिची मुळं दर औषधाच्या दुकानात मिळतात, तिथं आमच्या गावच्या या डॉक्टरचा जीव त्या आजारानं घेतला, हेही.

सोमवारी मी कुंडीतलं एक मूळ रुमालात गुंडाळून मधल्या मारुतीला गेले. दुकान तेच, फळकुट्यांच्या जागी लोखंडी शटर आलेलं. आत मात्र अजून तोच वास, वेखंड, हिरडा, कापूर, गोणपाट. गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्या मालकांना ऊद सालप मागितलं. त्यांनी वरच्या फळीवरची बरणी काढली आणि तराजूत चार तुकडे टाकले. "लहान मुलासाठी का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "असेल तर बांधा, पण गोळ्या बंद करू नका हं," ते न विचारता म्हणाले. "मी सगळ्यांना सांगतो." मी रुमाल उघडून माझं मूळ त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते मोडलं, शेजारी बरणीतला तुकडा मोडला, दोन्ही चष्म्याजवळ धरून आलटूनपालटून बघितले. "घराणं एकच दिसतंय. हे ताजं कुठं मिळालं?" गच्चीवर लावलं होतं म्हटल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. बावन्न वर्षं विकतोय, म्हणाले, पण याला फूल येतं हे माहीत नव्हतं. मी मोबाईलवर लेकीनं पाठवलेला फोटो दाखवला. त्यांनी मोबाईल हातात घेऊन तो मोठा केला आणि बराच वेळ बघितला. पैसे घ्यायला तयार होईनात.

संध्याकाळी भावाला फोन करून जेवायला बोलावलं. आता तो पन्नाशी ओलांडलेला आहे, विजापूर रोडला त्याचं टॉवेलचं होलसेलचं दुकान आहे, मुलगी इंजिनिअरिंगला आहे. आजी गेली त्या वर्षी त्यानं स्वतःच दोरा काढून तिच्या फोटोमागे ठेवला. शेवटचा झटका येऊन अकरा वर्षं झाली. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही झाल्यावर आम्ही गच्चीवर बसलो. वारा पडला होता, फरशी अजून दिवसभराची धग सोडत होती. मी पुडी उघडून त्याच्या हातात दिली. त्यानं काही न विचारता ती नाकाशी नेली आणि डोळे मिटले. "माळवद," तो म्हणाला. "आजी पाणी शिंपडायची ते."

मग मी सांगितलं. कंपासपेटी, वही, चार दिवस, नळ, सगळं. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढचं सांगता आलं नसतं. तो कपाळावरच्या खुणेवरून बोट फिरवत ऐकत होता. ती खूण आता सुरकुतीत मिसळून गेली आहे, मी सोडून कुणाला दिसत नसेल.

"गोळ्या किती दिवस नव्हत्या म्हणालीस?"

"तीन."

तो पुन्हा गप्प झाला. खालच्या बोळातून कुणाची तरी गाडी गेली, कुत्रं भुंकलं. "आणि मग इतकी वर्षं तू..." असं काहीतरी म्हणायला लागला आणि तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजला. नऊचा गजर. त्यानं पाकिटातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तळहातावर घेतली. मी पाणी आणायला उठले.